अकरा नवऱ्यांची ब्रोनी आणि नऊ नंबर

केबल कंपनीच्या दफ्तरात ब्रोनी झेलिन्स्कीला अकरा नवरे होते. प्रत्यक्षात एकच, चेट, आणि तोही जाऊन बारा वर्षं झालेली. पण बिल ज्याच्या नावावर असेल त्याच्याशी किंवा त्याच्या घरच्यांशीच बोलायचं, असा कंपनीचा नियम. आणि ब्रॉडी पॅचमधले बाप्ये असे, की चाळीस वर्षं जमिनीखाली सुरुंग लावलेला माणूस फोनवर कोणी "मी आपली काय मदत करू?" म्हणालं की घाम पुसायला लागतो. म्हणून फोन ब्रोनी करायची. "मी त्यांची मिसेस बोलतेय," असं ठसक्यात सांगायची आणि कामाला लागायची. या अकरांतले तिघे विधुर होते आणि एकाने जन्मात लग्न केलं नव्हतं. फादर कॉनराडच्या बिलासाठी मात्र ती त्यांची बहीण व्हायची. काही झालं तरी मर्यादा म्हणून असतेच.

बायकांची बिलं सोपी. तिथे ती सरळ ती बाईच व्हायची. चारही ओळींतल्या सगळ्यांच्या जन्मतारखा तिला तोंडपाठ होत्या. खऱ्या जन्मतारखा, चर्चमध्ये केक कापताना सांगतात त्या नव्हेत.

ब्रॉडी पॅच म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या डोंगरात खाणवाल्यांनी मजुरांसाठी बांधलेल्या जोडघरांच्या चार ओळी. खाण गेली, ओळी राहिल्या. डोंगराआड टीव्हीवर मुंग्याच दिसायच्या, तेव्हा चेटच्या स्टॅश काकाने, त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, डोंगरमाथ्यावर अँटेना उभी केली आणि तिथून घरोघरी तार ओढली. गावाची पहिली केबल ती. स्टॅश काकाने ती विकली, घेणाऱ्याने पुढे विकली, त्याला आणखी मोठ्याने गिळलं. नावं इतकी बदलली की लोकांनी नावं लक्षात ठेवणंच सोडून दिलं. गाडीच्या रंगावरून तिला नुसतं 'हिरवी' म्हणायचे. वीस वर्षांपूर्वी दुसरी कंपनी आली, तिने त्याच खांबांवरून आपली तार ओढली, ती 'निळी'. आणि त्या दिवसापासून ब्रोनीचं राज्य सुरू झालं.

हिरवीची असो की निळीची, रीत एकच. वर्षभर स्वस्त दर द्यायचा आणि वर्ष सरलं की 'आनंदाची बातमी!' अशा मथळ्याचं पत्र पाठवायचं. या मथळ्याचा अर्थ पॅचमधल्या शेंबड्या पोरालाही कळायचा: बिल वाढलं. लोक पत्र न फोडताच गुरुवारी ब्रोनीकडे नेऊन द्यायचे. ब्रोनीही ते वाचायची नाही. शेवटचा आकडा तेवढा बघायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि स्पीकर चालू करून फोन लावायची.

"मला कनेक्शन बंद करायचंय."

'बंद' या शब्दाला कंपनीत एक वेगळं खातंच आहे. तिथल्या लोकांना पगार मिळतो तो फक्त मनधरणीचा.

"असं का म्हणता मॅडम? इतकी वर्षं तुम्ही आमच्यासोबत आहात..."

"म्हणूनच तर, बाळा. इतकी वर्षं राहिले त्याची ही शिक्षा. निळीवाले अर्ध्या किमतीत देतायत. त्यांचा माणूस उद्या दहाला येतोय."

कुठला माणूस नि कुठले दहा! पण पाच मिनिटांत पलीकडून जुना दर परत यायचा, वर तीन महिने सिनेमाचं चॅनेल फुकट. एकोणीस वर्षांत ब्रोनी एकदाही हरली नव्हती.

ही विद्या तिला शर्टाच्या कारखान्यात मिळाली. ती तिथे कॉलर शिवायची आणि पुढे युनियनची प्रतिनिधी झाली. मालकाशी भांडताना तिचा एकच नियम असे: निघून जाण्याची धमकी देण्याआधी दुसरं दार उघडं आहे का ते बघून घ्यावं. हा नियम ती आयुष्यात एकदाच विसरली होती. सतरा वर्षांपूर्वी बिशपसाहेबांनी गावातली चार चर्चं एकत्र केली. पोलिश लोकांचं सेंट कॅसिमिर, जिथे ब्रोनीचा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, त्याला कुलूप लागलं आणि सगळ्यांना आयरिश लोकांच्या इमारतीत जायला सांगितलं. नाव ठेवलं 'सर्व संतांचं चर्च', म्हणजे एकही संत रुसायला नको. ब्रोनीने बिशपना पत्र लिहिलं: आमचं चर्च बंद कराल तर मी रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेला पाऊल टाकणार नाही.

बिशपसाहेबांच्या कचेरीत मनधरणीचं खातं नव्हतं. उत्तरच आलं नाही.

पडलो तरी नाक वर, या न्यायाने ब्रोनी सतरा वर्षं चर्चमध्ये गेली नाही. त्या नव्या चर्चच्या तळघरात मात्र दर गुरुवारी जायची. तिथे सगळ्या बायका जमून चर्चच्या छपराच्या खर्चासाठी पिएरोगी करायच्या. बटाटा आणि चीज भरून अर्धगोल दुमडायचं आणि कडेला मुरड घालायची. ब्रोनीची मुरड उकळत्या पाण्यात कधी सुटली नाही. कोणी डिवचलंच तर ती म्हणायची, "तळघर म्हणजे चर्च नव्हे. तळघर म्हणजे स्वयंपाकघर. स्वयंपाकघर बिशपच्या बापाचं नसतं."

जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तिची नणंद राहायची, टेक्ला दुदाश. चेटची थोरली बहीण, वय अठ्ठ्याऐंशी, कंबरेचं हाड दोनदा मोडलेलं. दारापुढच्या तेरा पायऱ्या उतरणं बंद झाल्याला चार वर्षं झाली होती. टेक्लाच्या घरी इंटरनेट नव्हतं. तिच्याकडे स्टॅश काकाच्या काळापासूनचा चौदा चॅनेलांचा जुना प्लॅन होता, कंपन्या बदलल्या तरी तो कसा कोण जाणे तगून राहिला होता. त्यातलं नऊ नंबरचं चॅनेल गावाचं. त्यावर रविवारी दहाला 'सर्व संतां'तली मिस्सा थेट लागायची. टेक्ला आवाज इतका मोठा ठेवायची की मधल्या भिंतीतून ऑर्गन ब्रोनीच्या कॉफीच्या कपात शिरायचा. ब्रोनी मग रेडिओवर पोल्काची नाचगाणी लावायची. रविवारी दहा ते अकरा त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी असं धर्मयुद्ध चालायचं.

त्या शरद ऋतूत 'आनंदाची बातमी!' सगळ्यांनाच एकदम आली. त्याआधी महिनाभर इंटरनेट आजारी होतं. ब्रोनी सकाळी मृत्युवार्तांचं पान उघडायची, ते पूर्वी एका 'नमो मरिये'च्या प्रार्थनेत उघडायचं, आता अर्धी जपमाळ होऊन जायची. पण पत्र काही तिने वाचलं नाही. एकोणीस वर्षांत वाचावं लागलं नव्हतं, आता कशाला वाचेल?

गुरुवारी तळघरात पिठाच्या ढिगामागे चौदा बायका बसल्या होत्या आणि दाराशी अकरा नवऱ्यांपैकी एक, विधुर मेट्रो ह्रिन्को, आपलं पत्र घेऊन उभा होता. पहिला नंबर टेक्लाचा लागला. एकतीस डॉलरचं बिल अठ्ठावन्न झालं होतं. ब्रोनीने हात पुसले, चष्मा वर सरकवला आणि टेक्ला दुदाश झाली.

"मला बंद करायचंय."

"ऐकून वाईट वाटलं, मॅडम. मी डेव्हन. काही अडचण आहे का?"

"अडचण अठ्ठावन्न डॉलरची आहे, बाळा. निळीवाले वीसमध्ये देतायत. त्यांचा माणूस उद्या दहाला येतोय."

डेव्हन अगदी सौजन्याने म्हणाला, "मॅडम, निळी आता आम्हीच आहोत."

"म्हणजे?"

"एक तारखेपासून दोन्ही कंपन्या एक झाल्या. तुम्हाला पत्र आलं असेल. 'आनंदाची बातमी' म्हणून."

मुरड घालणारे हात थांबले. मेट्रोने आपलं पत्र फोडलं, वाचलं आणि हळूच टोपी काढली.

"मग त्यांचा जो माणूस उद्या येणार..."

"तो आमचाच असेल, मॅडम. पण आमच्याकडे तशी काही नोंद दिसत नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. अ‍ॅना मे योरकोनिस असावी, ती लिथुआनियन, पोलिश बाई तोंडघशी पडली की तिला जेवण गोड लागतं. ब्रोनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शहाण्या माणसाने इथे फोन ठेवला असता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

"मग टाक बंद करून!"

"नक्की का मॅडम? कारण हा जुना प्लॅन एकदा गेला की..."

"मी इंग्रजीत बोलतेय ना? बंद म्हणजे बंद!"

खट्‌खट्‌ खट्‌खट्‌, कळा दाबल्याचा आवाज आला. "झालं, मॅडम. आणखी काही मदत करू शकतो?"

मेट्रो दारातून म्हणाला, "ब्रोनी, तू आत्ता टेक्ला होतीस ना?"

ब्रोनी मटकन पिठाच्या पोत्यावर बसली. स्वतःचं नाक वाचवायला तिने नणंदेचं कापलं होतं.

त्या दुपारी तिने दोन तास दहा मिनिटं फोन धरून ताटकळत सनई ऐकली. सनई माझा शब्द, होती कसलीशी बासरी. शेवटी एक बाई भेटली. तिने सांगितलं की चौदा चॅनेलांचा प्लॅन आता जगात नाही. नऊ नंबर फक्त जुन्या ग्राहकांना, ते स्वतःहून सोडून जाईपर्यंत. टेक्ला मॅडम आता नवीन ग्राहक. नवीन ग्राहकाला दोनशे दहा चॅनेलं, सोबत इंटरनेट, चौऱ्याण्णव डॉलर. "त्यात नऊ नंबर?" "नाही मॅडम. पण जगभरची आचाऱ्यांची चार चॅनेलं आहेत."

संध्याकाळी ब्रोनी नणंदेसमोर उभी राहिली. टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे दोघी बघत होत्या.

"मी टेक्ला झाले होते," ब्रोनी म्हणाली, "आणि टेक्लाचं कनेक्शन टेक्लाने काढून टाकलं."

"टेक्लाला अक्कल कमीच," टेक्ला म्हणाली. "भावाने लग्न केलं तेव्हाच मला बोलायला हवं होतं."

"मी रविवारी माझा टॅब घेऊन येते. फादर आता इंटरनेटवरही मिस्सा लावतात. माझं वायफाय भिंतीतून येतं."

रविवारी तिने तो लावला. फादर कॉनराडने दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं आणि तसेच थांबले. मध्ये एक चाक गरगरत राहिलं. अकरा मिनिटं फादर तोंड उघडं टाकून हात वर करून उभे.

"ब्रोनी," टेक्लाने विचारलं, "हा गेला का गं?"

"नाही, नेट गेलं."

"मग झाकून ठेव त्याला. बघवत नाही."

ब्रोनीने टॅब पालथा घातला. आणि तिला रडू आलं. अगदी बेतशीर, पण आलं. "टीव्हीवर दुसरीकडेही मिस्सा लागतात टेक्ला, मी घेऊन देते चौऱ्याण्णववाला. थेट रोमहून पोपची बघ."

"पोपची काय करू?" टेक्ला भडकली. "पोपच्या मिस्सेत मला कोण ओळखतं? मला नऊ नंबरवर आपली माणसं दिसतात. कोण खोकतंय, कोण कोणाशेजारून उठून दुसरीकडे बसलंय, कोण यायचं थांबलं. चार वर्षं मी या खुर्चीत आहे. त्या एका तासात मी गावात असते. कळलं का तुला, काय काढून टाकलंस ते?"

ब्रोनीला कळलं. अगदी लख्ख कळलं.

"आता तूच जायचं," टेक्ला म्हणाली. "वर जायचं, पुढच्या बाकावर बसायचं, सगळं बघायचं आणि येऊन मला सांगायचं."

"मी शपथ घेतलीय. बिशपना लिहून दिलंय."

"बिशपला! त्याला तुझं नाव तरी माहीत आहे का? तू सतरा वर्षं रुसलीस आणि तो सतरा वर्षं रविवारी आरामात अंडी खातोय. इकडे माझ्याशी बोल. मी विचारतेय तुला, मी."

पुढच्या रविवारी पावणेदहाला ब्रोनी झेलिन्स्की तळघराच्या दाराने आत शिरली, सवयीने, आणि तिथून आतल्या अकरा पायऱ्या चढून वर गेली. पिठाचा वास मागे राहिला. लोकांनी माना वळवून पाहिलं, आणि वळवलेली मान परत फिरवायला अ‍ॅना मेला बरंच जड गेलं. ब्रोनी नाकासमोर चालत पुढच्या बाकावर बसली. बाजूला बघितलं तर आग विझवायच्या नळकांड्याशेजारी कोपऱ्यात सेंट कॅसिमिरचा पुतळा उभा. तिच्या लग्नातला तोच. आणि त्याच्या पायाशी कोणीतरी ताजी फुलं ठेवलेली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो कुलपाआड एकटा आहे. तो इथे, तिच्या पिएरोगीच्या टेबलाच्या बरोब्बर वर उभा होता, आणि तीच गेली नव्हती. तिला स्वतःचा राग आला, मग बरं वाटलं, मग पुन्हा राग आला. तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला.

पहिला वृत्तान्त सपशेल फसला.

"फादर क्षमेबद्दल बोलले. उधळ्या पुत्राची गोष्ट..."

"ती मला माहीत आहे. पुत्र परत येतो. तू म्हणालीस ती कॅसिमिरपुढची फुलं कोण ठेवतं?"

"विचारलं नाही."

"विचारलं नाही! मग गेलीस कशाला?"

दुसऱ्या रविवारपर्यंत ब्रोनीने शोध लावला: फुलं मेट्रो ह्रिन्को ठेवतो, तोही पोलिश नसताना, कारण त्याच्या मेलेल्या बायकोचा तो लाडका संत. चौथ्या रविवारी ती कोणाचा कोट जुना उलटवून शिवलाय ते कॉलरवरून सांगायला लागली. तीस वर्षांचा धंदा होता, तो कामी आला. नाताळपर्यंत ती फादरची नक्कल, अ‍ॅना मेचं बेसूर गाणं आणि दान गोळा करणाऱ्या म्हाताऱ्याची लंगडी चाल असा सगळा खेळ करायची. टेक्ला हसता हसता कंबर धरायची. सांगून झालं की "पुन्हा सांग" म्हणायची. नऊ नंबरने हे कधी केलं नव्हतं.

पॅचवर मात्र अवकळा आली. धमकी द्यायला दुसरं दार उरलं नव्हतं, तेव्हा सगळ्यांनी मुकाट्याने वाढीव बिलं भरली. इंटरनेट होतं तिथेच, म्हणजे चाकावर. बारा गाड्या असलेल्या दोन कंपन्यांची मिळून आता सात गाड्यांची एक कंपनी झाली होती आणि माणूस यायला नऊ दिवस लागायचे. गुरुवारी पत्रं यायची थांबली. ब्रोनी खाली मान घालून मुरड घालायची. एकदा मेट्रो म्हणाला, "केबलवाल्यांना माझ्या बायकोची आठवण येत असेल," तेव्हा सगळे हसले आणि तीही हसली, पण घरी जाताना तिला वाटलं की आपण निवृत्त झालो ते कारखान्यातून नव्हे, आत्ता.

ईस्टरआधीचा उपवासाचा काळ सुरू व्हायच्या आधीचा रविवार होता. ब्रोनीने दर रविवारसारखे नणंदेसाठी पोंच्की आणले होते, जॅम भरून तळलेले, साखर लावलेले गोळे, आणि सांगता सांगता त्यातले स्वतःच खात होती. वृत्तान्त रंगात आला होता, अ‍ॅना मेच्या नव्या सुनेच्या हिरव्या टोपीपर्यंत पोचला होता, तेवढ्यात टेक्लाचा फोन वाजला. टेक्लाला ऐकू कमी यायचं म्हणून स्पीकर कायमचा चालू.

"मिसेस दुदाश? आम्हाला तुमची उणीव भासतेय! तुमच्यासारख्या जुन्या ग्राहकांच्या तक्रारी फार आल्या, म्हणून आम्ही चौदा चॅनेलांचा प्लॅन परत आणतोय. नऊ नंबरसकट. फक्त पस्तीस डॉलर."

ब्रोनीच्या हातातला पोंचका अर्ध्यावर थांबला. मनधरणीचं खातं, आपणहून फोन करतंय! एकोणीस वर्षांची सवय उसळून आली. तिने बोटांनी खूण केली: थांब, अजून उतरेल. टेक्ला गप्प राहिली.

"ठीक आहे, एकोणतीस," पलीकडची पोरगी म्हणाली. "दोन वर्षं दर वाढणार नाही. लिहून देते."

असा भाव ब्रोनीने उभ्या आयुष्यात पाडला नव्हता. आता घ्यायलाच हवं होतं. पण नऊ नंबर परत आला म्हणजे पुढच्या रविवारी भिंतीपलीकडे ऑर्गन, आणि इकडे आपण, कॉफी आणि पोल्का. तिला ते नको होतं. मुळीच नको होतं. पण चॅनेल तिनेच घालवलं होतं. तिने ओठ घट्ट मिटले आणि नणंदेकडे बघून मान जोराजोराने हलवली: घे. घे!

टेक्लाने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"नको, बाळा," ती फोनला म्हणाली. "मी दुसरीकडे कनेक्शन घेतलं."

"दुसरीकडे?" पोरगी गडबडली. "मॅडम, माझ्यासमोर नकाशा आहे. तुमच्या रस्त्यावर आमच्याशिवाय दुसरं कोणीच नाही."

"नकाशात नसेल. भिंतीपलीकडेच आहे. मधेच थांबत नाही, आणि न समजलं तर परत दाखवतं."

"आणि... दर काय घेतात ते?"

टेक्लाने खोक्यात डोकावून पाहिलं. "आठवड्याला दोन पोंच्की. आज तीन झाले, पण ती कुरकुर मी नंतर करेन."

तिने फोन ठेवला. ब्रोनी नाक पुसत होती आणि नाकाला साखर लागत होती.

"एकोणतीस होते, टेक्ला," ती कशीबशी म्हणाली. "नऊ नंबरसकट."

"ऐकलं मी. बहिरी आहे, पण इतकी नाही," टेक्ला म्हणाली आणि खुर्ची पुढे सरकवली. "हं, सुनेचं सांग. टोपी खरंच हिरवी होती?"